खोटा फादर, खरी प्रार्थना

वीस वर्षांचा एक मुलगा चर्चमधल्या पापनिवेदनाच्या लाकडी कोठडीत बसलाय. अंगावर फादरचा झगा आहे. जाळीच्या पलीकडे गावातली एक बाई आली आहे. तिला आपल्या चुका सांगून मन मोकळं करायचंय. इकडे याला पुढे काय बोलायचं तेच माहीत नाही, कारण हा फादर नाहीच. तो हळूच मोबाईल काढतो, पापनिवेदनाचा विधी शोधतो आणि स्क्रीनवर बघून शब्द म्हणायला लागतो.

यान कोमासा या पोलिश दिग्दर्शकाच्या ‘कॉर्पस क्रिस्टी’ (२०१९) या चित्रपटातला हा प्रसंग. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं. परीक्षेत मांडीवर मोबाईल ठेवून कॉपी करणारा मुलगा आठवला. पण ती बाई बोलायला लागते. मुलगा सिगरेट ओढतो म्हणून आपण त्याला मारतो, असं सांगते. आणि हा तोतया फादर तिला जपमाळेचं प्रायश्चित्त देत नाही. तो सांगतो, मुलाला घेऊन सायकलवर फिरायला जा. माझं हसू तिथंच थांबलं. शब्द मोबाईलमधून उचललेले होते. सल्ला मात्र त्याचा स्वतःचा होता, आणि त्या बाईला तोवर असं कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

हा चित्रपट ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात नामांकनापर्यंत पोचला होता. त्या वर्षी तो पुरस्कार ‘पॅरासाइट’ने नेला. लॉकडाऊनमध्ये मी तो मोबाईलवर पाहिला आणि चांगला आहे म्हणून चार मित्रांना पाठवून दिला. अलीकडे तो पुन्हा काढून पाहिला, त्याला कारण होतं एक बातमी.

गेली दोनेक वर्षं युरोपातून सांगितलं जातंय की तिथली तरुण पिढी पुन्हा चर्चकडे वळतेय. फ्रान्समध्ये २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांनी कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षी हा आकडा ७,१३५ होता. या प्रौढांपैकी ४२ टक्के जण १८ ते २५ वयाचे. शिवाय सात हजार चारशेहून अधिक किशोरवयीन मुलंमुली वेगळीच. ज्या देशानं १९०५ साली कायदा करून चर्च आणि सरकार यांची फारकत केली, जिथं सरकारी शाळेत धर्माचं ठळक चिन्ह घालून जाता येत नाही, तिथली ही गोष्ट. ब्रिटनमध्येही ‘बायबल सोसायटी’नं २०२५ च्या एप्रिलमध्ये अहवाल काढला. महिन्यातून एकदा तरी चर्चला जाणाऱ्या १८ ते २४ वयाच्या तरुणांचं प्रमाण २०१८ मध्ये ४ टक्के होतं, ते २०२४ मध्ये १६ टक्के झालं, असा त्यांचा दावा. त्यावर लोकसंख्येचा आणि धर्माचा अभ्यास करणाऱ्यांनी लगेच गंभीर शंका घेतल्या. ही पाहणी स्वतःहून नाव नोंदवलेल्या लोकांच्या ऑनलाइन पॅनेलवर झाली होती. यादृच्छिक नमुना घेऊन होणाऱ्या जुन्या, भरवशाच्या पाहण्यांत अशी वाढ दिसत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. फ्रान्सचे आकडे खरे मोजलेले आहेत, पण तिथंही तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे दोन दशकांत बरेच कमी झालेत. दार एका बाजूनं उघडतंय, दुसऱ्या बाजूनं त्याहून जास्त लोक बाहेर पडताहेत.

मी स्वतः श्रद्धाळू नाही. मित्रांबरोबर देवळात गेलो तर बाहेर चपला सांभाळणारा तो मीच. तरी या बातमीनं मला कुतूहल वाटलं, ते डोकी किती वाढली याचं नव्हतं. सगळं मोकळं असलेल्या समाजात वाढलेला, कुणाचीही सक्ती नसलेला बावीस वर्षांचा मुलगा एका रविवारी सकाळी उठून चर्चमध्ये जातो. त्याला तिथं काय हवं असतं? आणि त्याला ते मिळतं का? आकडेवारी इथं मुकी होते. चित्रपट बोलतात. म्हणून मी दोन चित्रपट समोरासमोर ठेवून पाहिले, एक पोलंडचा आणि एक फ्रान्सचा.

*

‘कॉर्पस क्रिस्टी’ समजायला पोलंड थोडं समजावं लागतं. कम्युनिस्ट राजवटीत तिथलं चर्च म्हणजे सरकारपुढे न झुकलेली जागा होती. १९७८ मध्ये क्राकूवचे कार्डिनल पोप झाले, जॉन पॉल दुसरे. १९७९ मध्ये ते मायदेशी आले तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढच्याच वर्षी ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार चळवळ उभी राहिली. तिला उघड पाठिंबा देणारे फादर पोपियेउश्को यांचा १९८४ मध्ये सुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्यांनी खून केला. त्या पिढीच्या मनात फादर म्हणजे आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस.

त्यांच्या मुलांनी दुसराच फादर पाहिला. १९८९ नंतर चर्च सत्तेच्या शेजारी जाऊन बसलं, १९९० पासून शाळेत धर्मशिक्षण आलं, राजकारणात चर्चचा शब्द चालू लागला. मग एकेक प्रकरण बाहेर येऊ लागलं. २०१८ मध्ये स्मार्झोव्स्की या दिग्दर्शकाचा ‘क्लेर’ आला. दारू, पैसा आणि लैंगिक अत्याचार यांत बुडालेल्या धर्मगुरूंची ही गोष्ट थिएटरात पन्नास लाखांहून जास्त लोकांनी पाहिली. २०१९ च्या मे महिन्यात सेकिएल्स्की बंधूंनी धर्मगुरूंच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांवरचा माहितीपट थेट यूट्यूबवर टाकला. त्याचं नावच ‘कुणाला सांगू नकोस’ असं होतं. काही आठवड्यांत तो दोन कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१८ च्या अहवालात पोलंडचा आकडा ठळक आहे. चाळिशीच्या वरचे ५५ टक्के लोक दर आठवड्याला चर्चला जातात, चाळिशीच्या आतले २६ टक्के. एकाच घरात आई रविवारी मिस्सेला निघालेली आणि मुलगी पांघरूण डोक्यावर ओढून झोपलेली, असं चित्र त्यातून उभं राहतं.

‘कॉर्पस क्रिस्टी’ त्याच २०१९ मध्ये आला. चर्चवर राग काढणारा चित्रपट करणं तेव्हा सोपं होतं आणि चाललाही असता. कोमासानं उलटा प्रश्न विचारला. फादर खोटा असेल आणि त्याची तळमळ खरी असेल, तर लोक काय करतील?

*

दानिएल सुधारगृहात आहे. त्याच्या हातून एकाचा जीव गेलाय. चित्रपटाच्या सुरुवातीलाच सुधारगृहातली मुलं एकाला पकडून छळतात, आणि दानिएल दाराशी पहारा देतो. पुढे तोच मुलगा मिस्सेत भजन गातो. दोन्ही दृश्यांत चेहरा तोच, डोळे तेच. बार्तोश बिएलेन्या या नटाचे डोळे विसरता येत नाहीत. मोठे, निळे, बघता बघता संताचे वाटणारे आणि पुढच्या क्षणी गुन्हेगाराचे.

दानिएलला फादर व्हायचंय. गुन्ह्याची नोंद असलेल्याला सेमिनरी घेत नाही, हे सुधारगृहातले फादर तोमाश त्याला सांगून टाकतात. सुटका होते ती दूरच्या गावातल्या लाकडाच्या वखारीत काम करण्याच्या अटीवर. गावात पोचल्यावर तो आधी चर्चमध्ये शिरतो. तिथं भेटलेल्या मुलीला, मार्ताला, तो सहज थाप मारतो की मी फादर आहे. त्याच्या बॅगेत फादरचा पोशाख असतो. गावचे म्हातारे फादर आजारी, त्यांना उपचारासाठी जायचंय. बदली माणूस आयता मिळतो. दानिएल स्वतःचं नाव सांगतो ‘फादर तोमाश’, आणि पहिलं प्रवचन देतो तेही खऱ्या फादर तोमाशच्या शब्दांत. उसन्या नावावर, उसन्या कपड्यांत, उसन्या शब्दांत त्याची सुरुवात होते. ही गोष्ट एका खऱ्या घटनेवरून सुचलेली आहे, हे कळल्यावर मला फार आश्चर्य वाटलं नाही.

गावाला एक जखम आहे. काही काळापूर्वी मोटारींची टक्कर होऊन गावची सहा तरुण मुलं गेली. दुसऱ्या गाडीचा चालकही गेला. मुलांचे फोटो चर्चजवळच्या फलकावर लावलेत, रोज तिथं मेणबत्त्या लागतात. चालकाचा फोटो तिथं नाही. तो दारू पिऊन चालवत होता असं गावानं ठरवून टाकलंय, त्याच्या अस्थी गावच्या दफनभूमीत पुरू दिलेल्या नाहीत. त्याच्या विधवेला गावकरी घाणेरडी पत्रं पाठवतात. ही तीच माणसं, जी रविवारी गुडघे टेकतात.

इथून चित्रपट मला खऱ्या अर्थानं आवडायला लागला. दानिएल आधी त्या आईबापांना दुःख बाहेर काढायला शिकवतो. सुधारगृहात शिकलेला प्रकार तो वापरतो. फोटोंसमोर उभं राहून ओरडा, राग दाबू नका, असं सांगतो. लोकांना तो आवडू लागतो. तरुण फादर, मोकळं बोलतो, पोरांसोबत सिगरेट ओढतो. इथवर तो त्या बातम्यांमधल्या ‘तरुणांना भावणाऱ्या चर्च’सारखाच आहे. पण मग तो म्हणतो की चालकाच्या अस्थी आपल्या दफनभूमीत पुरायच्या. आणि त्याच क्षणी गाव बदलतं. काल डोक्यावर घेणारी माणसं तोंड फिरवतात. त्या मुलांच्या शेवटच्या रात्रीचा मोबाईलवरचा व्हिडिओ मार्ताकडे असतो. तीही पीत होती, हे त्यात दिसतं. गावाला तो पाहायचा नसतो. वखारीचा मालक असलेला महापौर त्याला गोड शब्दांत जाणीव करून देतो की बरोबर तू असशीलही, पण गावात चालतं ते माझं.

चर्चचा आधार हवा असणारी माणसं आणि चर्चची शिकवण नको असणारी माणसं एकच असतात, हे इतकं साधेपणानं दाखवलेलं मी क्वचित पाहिलंय. दुःखात मेणबत्ती हवी, भजन हवं, खांद्यावर हात हवा. ‘शत्रूला क्षमा कर’ हे वाक्य आलं की मात्र आपापल्या घरी.

*

पहिल्या वेळी मी इथंच थांबलो होतो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र एक गोष्ट टोचत राहिली.

त्या पापनिवेदनाच्या कोठडीत बसलेल्या बाईचं काय? तिनं आपली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट एका अशा माणसाला सांगितली, ज्याला ती ऐकायचा अधिकार नव्हता. कॅथलिक धर्मात पापनिवेदन ऐकून क्षमा देणं हे दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूचंच काम. झगा घालून कुणी ते केलं तर त्या क्षमेला अर्थ राहत नाही. अधिकाराची ही बाब आपल्यासारख्याला तांत्रिक वाटेल, त्या बाईसाठी ती तशी नाही. तिची सरळसरळ फसवणूक झाली. गावातल्या प्रत्येकाची झाली.

आणि हे कुठल्या देशात? ज्या देशात त्याच वर्षी कोट्यवधी वेळा लोकांनी पाहिलं की झग्यावरच्या आंधळ्या विश्वासानं लहान मुलांचं काय केलं. ज्याला कुणी प्रश्न विचारत नाही, ज्याच्या शब्दांत जादू आहे, ज्याचा मागचा इतिहास कुणी तपासत नाही असा तरुण, आकर्षक फादर. दानिएल चांगला निघाला हे गावाचं नशीब. ‘नियमात अडकलेला खरा फादर कोरडा आणि नियम मोडणारा तोतया सच्चा’ हे समीकरण कोमासाला फार आवडलेलं दिसतं. मलाही आवडलं होतं, म्हणून तर मी ते मित्रांना पाठवलं. पण नियम कोरडे असले तरी काही नियम लोकांच्या रक्षणासाठी असतात. याचा विचार चित्रपट पुरेसा करत नाही. मार्ता दानिएलच्या प्रेमात पडते, दोघं जवळ येतात. ती फादर समजून जवळ आलीय, आणि तो तिला खरं सांगत नाही. कॅमेरा हा प्रसंग कोवळ्या प्रेमासारखा टिपतो. मला तिथं कॅमेऱ्याचा राग आला.

बायकांच्या बाबतीत चित्रपट एकूणच हात आखडता घेतो. मार्ताची आई चर्चची सगळी व्यवस्था बघते. तिचा तरुण मुलगा त्या अपघातात गेलाय. श्रद्धा आणि सूड एकाच मनात कसे नांदतात, हे दाखवायला तिच्याइतकं समृद्ध पात्र दुसरं नव्हतं. पण कॅमेरा सतत दानिएलच्या डोळ्यांकडे वळतो. नव्या श्रद्धेच्या कथा बहुतेक वेळा बिघडलेल्या मुलांच्याच असतात. रोज चर्च झाडणाऱ्या बायकांच्या नसतात.

*

सेद्रिक कान या दिग्दर्शकाचा फ्रेंच चित्रपट ‘ला प्रिएर’, म्हणजे प्रार्थना, २०१८ चा. बावीस वर्षांचा तोमा हेरॉइनच्या व्यसनात बुडालेला. डोंगरातल्या एका धार्मिक समूहात त्याला आणून सोडलं जातं. सगळे जण पूर्वीचे व्यसनी. औषध नाही, डॉक्टर नाही. फोन नाही, सिगरेट नाही. दिवसभर अंगमेहनत, मग प्रार्थना, पुन्हा मेहनत. नव्या मुलाला एकटं राहायची परवानगी नाही, एक जुना साथीदार सावलीसारखा सोबत. तोमाला प्रार्थनेतलं काही कळत नाही, पटत नाही. तो चिडतो, भांडतो, पळून जातो, परत येतो. अँतोनी बाजों या नटाला या भूमिकेसाठी बर्लिनमध्ये उत्कृष्ट अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं. मिळायलाच हवं होतं.

‘कॉर्पस क्रिस्टी’ जिथं भाषणांनी जिंकतो, तिथं हा चित्रपट सवयीवर भर देतो. तोमा आधी गुडघे टेकतो, विश्वास नंतर येतो. किंवा येतो की नाही हेही नक्की कळत नाही. डोंगरावर धुक्यात तो वाट चुकतो, गुडघा दुखावतो, रात्रभर थंडीत प्रार्थना करतो आणि सकाळी त्याचा पाय चालू लागतो. त्याला हा चमत्कार वाटतो. आपल्याला काय वाटावं, हे दिग्दर्शक सांगत नाही. या चमत्काराच्या जोरावर तोमा फादर व्हायचं ठरवतो, आणि सेमिनरीच्या वाटेवरून परत फिरून आपल्या आवडत्या मुलीकडे जायला निघतो.

अनेकांना हा शेवट म्हणजे माघार वाटली. मला तो सगळ्यात प्रामाणिक भाग वाटला. श्रद्धेनं त्याला व्यसनातून उठवलं, पायावर उभं केलं. त्या पायांनी कुठं जायचं, हे त्यानं स्वतः ठरवलं. समूह त्याला धरून ठेवत नाही. मार्गातला एक दोष मात्र नोंदवायला हवा. औषधाशिवाय, वैद्यकीय देखरेखीशिवाय हेरॉइन सोडवणं धोक्याचं असतं, आणि अशा समूहात शिस्त व छळ यांच्यातली रेघ पुसट होऊ शकते. वरिष्ठ नन तोमाला सुखी आहेस का विचारते आणि त्याच्या उत्तरातलं खोटं ओळखून त्याला थोबाडीत मारते. प्रसंग जबरदस्त आहे. हन्ना शिगुलासारखी अभिनेत्री असल्यावर तो तसा होणारच. पण मारणाऱ्या हाताला चित्रपट इतक्या सहज शहाणपण का देतो, हा प्रश्न मनात राहतो.

*

आता पुन्हा त्या बातमीकडे. फ्रान्समधल्या त्या दहा हजार जणांना काय हवं असेल, याचा अंदाज हे दोन्ही चित्रपट देतात, आणि ते उत्तर मला पटतं. दानिएलला किंवा तोमाला चर्चनं आपल्यासारखं कूल व्हावं असं वाटत नाही. गिटार, रोषणाई, रील्स यांची त्यांना गरज नाही, ते बाहेर भरपूर मिळतं. त्यांना हवं असतं कुणीतरी त्यांच्याकडून काही मागणं. पहाटे उठ. खोटं बोलू नकोस. ज्याचा तुला राग येतो त्याच्या घरी जा. ज्या समाजात तुम्हाला कुणीच काही मागत नाही, फक्त विकतं, तिथं अशी मागणी करणारा माणूस भेटणं ही मोठी गोष्ट असते. मी श्रद्धाळू नसूनही हे मला समजतं.

पण जिथं माणूस इतक्या भुकेनं येतो, तिथंच त्याला फसवणंही सगळ्यात सोपं असतं. दानिएलच्या गावात ते दिसतं. पोलंडच्या त्या माहितीपटातही दिसतं. म्हणून किती तरुण आत आले हा आकडा मला अपुरा वाटतो. आत आल्यावर त्यांनी दार कुणासाठी उघडं ठेवलं, हे पाहायला हवं.

‘कॉर्पस क्रिस्टी’च्या शेवटाकडे दानिएलचं बिंग फुटतं. खरे फादर तोमाश गावात येऊन पोचतात. दानिएल भरलेल्या चर्चमध्ये वेदीपुढे उभा राहतो, अंगातले कपडे काढतो, उघड्या गोंदलेल्या छातीनं सगळ्यांसमोर उभा राहतो आणि एक शब्द न बोलता बाहेर पडतो. चित्रपटभर जे तो उसनं बोलत होता, ते सगळं इथं संपतं. पापनिवेदन ऐकणाऱ्यानं अखेर स्वतःचं पापनिवेदन केलं, तेही उघड्यावर. त्यानंतर तो सुधारगृहात परततो, आणि रक्तानं माखलेला चेहरा घेऊन धावत बाहेर येतो. हा हिंसक शेवट मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. कोमासाला गोष्ट जोरात संपवायची होती, एवढंच त्यातून कळतं.

माझ्यासाठी चित्रपट त्याच्या आधीच संपतो. दानिएल निघून गेल्यावर मिस्सा चालू असते. ज्या बाईला गावानं वाळीत टाकलं होतं, ती चालकाची विधवा चर्चमध्ये येते. कुणी तिला हाकलत नाही. टाळ्या नाहीत, संगीत चढत नाही. रविवारच्या गर्दीत एक माणूस वाढतं, आणि तिला बसायला जागा मिळते. फ्रान्समध्ये पुढच्या ईस्टरला पुन्हा आकडे येतील, कदाचित आणखी मोठे. ते वाचताना मी तिलाच शोधणार आहे.